तात्यारावांचा गुडघा

मुक्काम झरी, तालुका परभणी

साडूभाऊ तात्याराव यांना किशनरावाचा रामराम. तुमचा गुडघा कसा आहे? सरजाबाईंचा खोकला गेला का? इकडे सर्व खुशाल आहे असे लिहायची रीत आहे म्हणून लिहिले; त्यावर फार विसंबू नये.

तुम्हाला ठाऊकच आहे, आषाढापासून मला झोप नाही. भाकरी मातीसारखी लागते, आणि बन्सीधरला बाजारातून यायला जरा उशीर झाला की माझ्या डोळ्यांपुढे पोटच्या पोराची तिरडी उभी राहते. (बन्सीधर ठणठणीत आहे. काळजी नसावी. ती मी करतो.) अशात शाळेच्या पटांगणात डॉक्टरांचे शिबिर लागले. मी मोतीबिंदूचे समजून पहिल्या रांगेत बसलो, तर ते निघाले मनाचे. पुढून उठून जाणे बरे दिसेना. डॉक्टर तरुण होता, पण बोलला नीट. म्हणाला, अंगासारखे मनही आजारी पडते, त्यालाही औषध असते, यात लाज कसली? घरातल्या थोरांनी एकेकाला जवळ बसवून विचारावे, मनाला कसे वाटते. आणि तो सांगेल ते मध्ये न बोलता ऐकावे. मला वाटले, यात काय अवघड आहे! तात्याराव, तिथेच घात झाला.

घरी आलो तर बन्सीधर बैलांना कडबा टाकत होता. (उभ्या जन्मात मी त्याच्याशी वैरण, पाणी आणि त्याची अक्कल सोडून कशावरही बोललेलो नाही.) त्याला म्हणालो, बाळा, मनाला कसं वाटायलंय? त्याच्या हातची पेंढी खाली पडली. "दादा, छातीत दुखायलंय का?" डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे मी मध्ये बोललो नाही. त्याने तो होकार धरला. मग सुनेला विचारले, सुमन, या घरात तुला काही जड जातं का? ती तोंडाला पदर लावून सरळ शेजारी पळाली.

आपल्याकडची समजूत तुम्ही जाणता. तिरसट म्हातारा गोड बोलायला लागला की तो निरवानिरव करतोय, असे अख्खे गाव धरून चालते. दिवस मावळायच्या आत देवगाव फाट्याहून लेक कस्तुरा जीप करून रडत आली. ओसरीवर माणूस मावेना. मला घोंगडीवर निजवले. उशाला गंगाजळाचा गडू, तुळशीचे पान. मी उठू लागलो की चौघे दाबून परत निजवत. सिताराम वैद्याने नाडी धरली आणि म्हणाला, "चांगली चालायलीय की!" जमलेल्यांचा जरा विरसच झाला. लांबून आलेल्यांचा जास्त.

मग मी उशाशी बसलेल्या घरच्यांना शिबिराची सगळी हकिकत सांगितली. वाटले, सुटलो. तर कुठचे! बन्सीधर कानाशी वाकून म्हणाला, "दादा, हे मनाबिनाचं कुनाला बोलू नका. पोरीची सोयरीक चालू हाय. आजा येडा हाय म्हनतील. त्यापरीस मरायलो हुतो म्हना." नात माझी लाडकी. मी डोळे मिटले, घोटभर गंगाजळ घेतले आणि चारचौघांसमोर देवाच्या कृपेने वाचलो. (मारुतीला नारळ फुटला. खोबरेसुद्धा मला मिळाले नाही.)

आता मी पूर्ण बरा झालो, असे गावात ठरलेले आहे. त्यामुळे रात्रभर जागा असतो हे कुणाला सांगायचीही सोय उरली नाही. घोंगडीवर निजलो होतो तेव्हा निदान चारजण कपाळाला हात लावून पाहत होते.

सरजाबाईंना जपावे. तुम्हीही जपावे.

आपला,
किशनराव

ता. क. खरे काम राहिलेच. तो डॉक्टर परभणीला बसतो. तुम्ही चारठाण्याहून इकडे या आणि आमच्या घरात म्हणा की गुडघा दाखवायचा आहे, सोबतीला किशनराव पाहिजे. आत मी जाईन. तुम्ही बाहेर बाकावर बसून राहा. कुणी ओळखीचे दिसले तर लंगडावे. एसटीची चौकशी करून निघा. विद्यापीठाच्या नामांतराच्या गडबडीत गाड्या कधी बंद होतील, नेम नाही.

ता. क. दुसरा. पाकीट चिकटवताना आमची कारभारीण धुरपता म्हणाली, काय लिहिलंत ते वाचा. वाचून दाखवले. तिने पाकीट माझ्या हातून काढून घेतले. मग म्हणाली, "साऱ्या घराला इचारलंत. मीच तेवढी राह्यले." (तिला विचारायची छाती झाली नव्हती, ती उलट मलाच विचारील, ही भीती.) मग विचारले. तिने सांगितले ते इथे लिहिण्यासारखे नाही, पण मी मध्ये बोललो नाही. तात्याराव, दोन्ही गुडघे दुखतात असे सांगावे. दुसऱ्या गुडघ्याच्या नावाखाली ती येते आहे.