रंभाबाईचं सहावं बोट

रिहे, २ एप्रिल १९५८
मोठा निर्णय. मानवाकृती बंद. यापुढे फक्त अमूर्त निसर्ग. घरमालक कोंडाजीची बायको रंभाबाई काल स्वतःचं पोर्ट्रेट पाहून म्हणाली, "तोंड माजंच हाय, पर हाताला सहा बोटं कुनाची वो?" त्याचा या निर्णयाशी काडीचाही संबंध नाही.
(बोटं मोजली. सहाच. पण सहांत भाव जास्त आहे.)

६ एप्रिल
इंदू पुण्याहून आली. शाळेच्या वह्या तपासत म्हणाली, "मलाही पोळी गोल जमत नाही. म्हणून मी स्वयंपाक अमूर्त करत नाही." बायकोला चित्रकाराचे कालखंड कळत नाहीत.
यंदा मुंबईचं प्रदर्शन जमलं नाही, तर कॅलेंडर कंपनीत लक्ष्म्या रंगवायच्या, असं ठरलंय. म्हणजे तिनं ठरवलंय.

११ एप्रिल
मुंबईच्या गॅलरीचं उत्तर: 'पाठवा. पाहू.' हे लोक उत्साह फार लपवतात.
डोंगर जांभळा केला. मग काढूनच टाकला. धरणाचं पाणी ठेवलं, तेही उभं. कोंडाजी बराच वेळ पाहून म्हणाला, "ब्रश पुसायला लई मोठं फडकं घेतलंय, सायेब." सहन केलं.

१६ एप्रिल
सगळी निसर्गचित्रं पूर्ण. झपाटाच असा! शनिवारी गॅलरीचा ट्रक येणार.
भूतकाळ जाळायला हवा. कोंडाजी उद्या भाताच्या रोपांसाठी राब भाजणार आहे. वाफ्यावर शेण, पाला, फांद्या पेटवायला पसरून ठेवल्यात. त्याला सांगितलं, पडवीतली जुनी चित्रंही त्यात टाक, नवी जप. "व्हय, व्हय," म्हणाला.
मी पुण्याला. कॅटलॉगसाठी फोटो काढायचाय. क्षितिजाकडे पाहतानाचा.

१८ एप्रिल
फोटो उत्तम. नाक उठून दिसतं.
परतलो. पडवी रिकामी. कोंडाजीच्या ओटीवर सगळी पोर्ट्रेटं ओळीनं टांगलेली, रंभाबाईला तर झेंडूची माळ! निसर्ग कुठंय? वाफ्यात. राख.
कोंडाजी म्हणाला, "जित्या मानसाच्या तोंडाला कुनी आग लावतं व्हय? म्हटलं, सायबांच्या तोंडून उलटं निघालं आसंल. तुमची फडकी मातुर झ्याक पेटली."
जेवलो नाही. भाकरी कमी खाल्ली.

१९ एप्रिल, सकाळ
ट्रक दुपारी येणार. शांतपणे विचार केला. अमूर्ताचा काळ मी ओलांडला आहे. मुंबईला हे पचलं नसतं. पुन्हा मानवाकृती!
पोर्ट्रेटं परत मागितली. बाकीची कोंडाजीनं मुकाट काढून दिली. रंभाबाई मात्र दारात आडवी. "न्या की. पर आदी त्ये बोट पुसा. ममईच्या लोकांनी मला हसायला नगं."

दुपार
बोट पुसलं. घाईत शेजारचीही गेली.
आता तीन आहेत.
बाहेर ट्रकचा हॉर्न वाजतोय. कॅलेंडरवरच्या लक्ष्मीला हात चार. म्हणजे बोटं वीस.