टाकीमागच्या घसरगुंडीसाठी घ्याव्या लागणाऱ्या लेन्सबाबत

प्रति,
मा. मुख्याध्यापिका,
बालवर्ग विभाग.

विषय : घसरगुंडी पूर्ववत पुढच्या अंगणात आणण्याबाबत, अन्यथा मला महागडी टेलिफोटो झूम लेन्स घ्यावी लागेल, त्याबाबत.

संदर्भ : १) घसरगुंडी पाण्याच्या टाकीमागे हलवल्याचे आपले परिपत्रक.
२) ‘पालकांनी उगाच काळजी करू नये’ हा आपला फाटकापाशी दिलेला तोंडी आदेश.

महोदया,

१. मी छोट्या गटातील टिल्लूची आई. शाळेसमोरच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहते. आपण मला ओळखताच. आपला पहारेकरी तर मला ‘खिडकीवाल्या बाई’ म्हणतो. गेल्या वर्षी टिल्लूला ताप चढून झटका आला होता. वयाबरोबर हे जाते, घाबरण्याचे कारण नाही, असे डॉक्टर सांगतात. त्यांनी झटका पुस्तकात पाहिला आहे, मी मांडीवर. म्हणून मधल्या सुट्टीत मी खिडकीत उभी राहते आणि नुसते डोळे पुरत नाहीत म्हणून लग्नात भावाने दिलेला कॅमेरा लावते. इतरांच्या मुलांचे फोटो काढत नाही. मध्ये कोणी आलेच तर थांबते.

२. पुढच्या अंगणातली घसरगुंडी आमच्या जुन्या लेन्समधून स्वच्छ दिसे. टिल्लूचे नाक वाहते आहे की नाही, हेसुद्धा कळे. ती आपण ‘मुलांना सावली मिळावी’ या कारणाने मागे नेली. महोदया, माझे लक्ष सावलीवरही असते. मधल्या सुट्टीत टाकीची सावली शेजारच्या गल्लीत पडते आणि तिचा लाभ तिथे उभ्या केलेल्या स्कूटरींना होतो. आता टाकी आणि भिंत यांच्यामधल्या फटीतून मला फक्त निळे ठिपके दिसतात. गणवेश एकच असल्याने नेमकी कोणत्या ठिपक्याची काळजी करावी, हे समजत नाही.

३. यावर उपाय म्हणून शाळा रोज मोबाइलवर पाल्याचा फोटो पाठवते, खाली ‘आज आम्ही खूप मजा केली!’ असे लिहून. या सोयीबद्दल मी आभारी होते. परंतु गेल्या सोमवारच्या फोटोत टिल्लूच्या डोक्यावर भरगच्च केस आहेत. आदल्याच दिवशी त्याच्या बाबांनी पैसे वाचवण्याच्या नादात घरीच मशीन फिरवून त्याचा नारळ केला होता. मंगळवारच्या फोटोत त्याच्या अंगात जो स्वेटर होता, तो आता त्याच्या मामेबहिणीला घट्ट होतो. मी वर्गशिक्षिकांना विचारले, तेव्हा त्या म्हणाल्या, ‘‘अहो टिल्लूची आई, फोटो जुना असला तरी मजा आजचीच आहे ना!’’ या उत्तरानंतर मी तडक कॅमेऱ्याच्या दुकानात गेले.

४. तिथे मला जी लेन्स दाखवण्यात आली, ती उचलायला दोन हात लागतात आणि किंमत ऐकल्यावर टेकायला खुर्ची. दुकानदार म्हणाले, ‘‘ताई, हिच्यातून चंद्रावरचे खड्डे दिसतात.’’ मी म्हटले, मला चंद्र नको, टाकीमागची घसरगुंडी हवी. घरी यजमान म्हणाले, ‘‘अगं, ही लेन्स लोक वाघ बघायला नेतात. आपला तर शेपूट नसलेला, तोही मोफत.’’ सासूबाई म्हणाल्या, ‘‘आम्ही पोरं मोजायचो ती संध्याकाळी, जेवायला बसली की. एखादं जास्तच निघायचं.’’ घरातून एवढेच मार्गदर्शन मिळाले.

५. तरी आपण खालीलपैकी काहीही एक करावे, ही विनंती. घसरगुंडी परत पुढे आणावी. ते जमत नसल्यास पाण्याची टाकी हलवावी. तेही जमत नसल्यास टिल्लूला एकट्याला भगभगीत नारिंगी टोपी घालण्याची परवानगी द्यावी. आणि यातले काहीच जमणार नसेल, तर सदर लेन्स हे ‘शैक्षणिक साहित्य’ असल्याचा दाखला द्यावा, म्हणजे मला घरी तोंड दाखवता येईल.

६. इथवरचा अर्ज परवा लिहिला. हा परिच्छेद आज लिहीत आहे. अर्जाला पुरावा म्हणून टिल्लूचा घसरगुंडीवरचा एक जुना, स्पष्ट फोटो जोडावा, असे यजमानांनी सुचवले. त्याच रात्री मी शोधायला बसले. फोटो ढीगभर आहेत. एकात टिल्लू हात हलवतो आहे, एकात शर्टाची कड चघळतो आहे, बऱ्याचशांत नुसता उभा आहे. सगळ्यांत तो घसरगुंडीच्या पायथ्याशी आहे आणि सगळ्यांत तो वर, माझ्या खिडकीकडे बघतो आहे. मागून मुले चढतात, घसरतात, पुन्हा रांगेत येतात. घसरगुंडीवर चढलेला टिल्लू मला एकाही फोटोत सापडला नाही. यजमानांनी सगळे फोटो पुन्हा एकदा चाळले. मग म्हणाले, ‘‘तो तुझ्यावर लक्ष ठेवत होता गं.’’

७. काल दुकानदारांनी यजमानांचे ओळखपत्र ठेवून घेऊन ती लेन्स एका दिवसासाठी वापरायला दिली. लेन्स उत्तम आहे. टाकीमागच्या फटीतून सगळे दिसले. तो गुळगुळीत नारळ घसरगुंडीच्या टोकावर होता. कोणाला तरी ओरडून ‘हट’ म्हणत असावा, तोंड तसे दिसत होते. मग तो वळला, माझ्याकडे पाठ झाली, आणि पालथा पडून, डोके खाली करून, सुसाट गेला. असा मी त्याला यापूर्वी पाहिलेला नाही. मी एकच फोटो काढला आणि संध्याकाळी लेन्स परत केली. दुकानदारांचा चेहरा बघवत नव्हता.

८. सबब परिच्छेद ५ मधील सर्व मागण्या मी मागे घेत आहे. घसरगुंडी टाकीमागेच राहू द्यावी. परिच्छेद ३ मात्र कायम आहे. मजा आजची असेल तर फोटोही आजचा पाठवावा आणि नसेल जमत तर काहीच पाठवू नये. त्याला झटका येऊन गेला आहे, हे तिथे उभ्या असलेल्या प्रत्येक बाईंना आपण स्वतः सांगावे. खिडकीतून ते काम मला कधीच जमणार नव्हते. तसेच टिल्लू डोके खाली करून घसरतो, ते कृपया थांबवावे. मला हे कसे समजले, अशी विचारणा करू नये.

आपली,
खिडकीपासून दोन पावले मागे सरकलेली,
टिल्लूची आई

दिनांक : सोमवारी सुरू, बुधवारी पूर्ण.

सोबत : फोटो एक, पाठमोरा, ताजा.