डोरीनबाईच्या गुडघ्यावरची घोंगडी

तीर्थरूप थोरल्या वन्सं भामाबाई यांच्या पायाशी धाकल्या भावजयीचा, म्हंजे हरणाचा, वाकून नमस्कार.

कागदावर वाकलं की चष्मा पडतोय, म्हणून मनातनं वाकले असं समजा. तुमचं गुडघं कसं हायत? मिरजेच्या डॉक्टरनं दिल्यालं तेल लावता, का नुसतं कपाटात ठेवून त्याला हळदकुंकू वाहता? तुमचे भाऊ बरे हायत. खात्यात, भांडत्यात, झोपत्यात. मेंढरं आता अकराच उरल्यात, डाळिंबाला औंदा दिवस बरं दिसत्यात. मी साक्षरतेच्या वर्गात शिकल्याली बाई, जोडाक्षर आलं की माझा हात बुजतोय, तवा चुकलं-माकलं पोटात घाला. फोनवर सांगितलं असतं, पण फोनवर तुमी मला मधी बोलू देत न्हाई. कागद कसा, गप ऐकून घेतोय.

तर आपला बिरू, माझा नातू बिराप्पा, मिरजेला नर्सिंग शिकून विलायतेला दवाखान्यात लागला ते तुमाला ठावं हाय. (तुमचा नातू शंभूराज बी शिकायला तिकडंच निघालाय, हे मला आटपाडीच्या बाजारात बांगडीवालीकडनं कळलं. घरच्या माणसाला बांगडीवालीनं सांगावं! असू दे. मी काय मनात ठेवत न्हाई. मागल्या शनिवारी, सकाळी अकराला कळलं.) तिथं बिरू रग्बी म्हणून खेळ खेळाय लागला. त्यात बी भाऊबंदकी हाय म्हणं, दोन तऱ्हा हायत, ह्याची तेरा गड्यांची, रग्बी लीग. पगार न्हाई, बक्षीस न्हाई. आठवडाभर कुणी नळ बसवतोय, कुणी बस चालवतोय, आन् शनिवारी समदे मिळून चिखलात लोळत्यात. बिरू तिसऱ्या संघात हाय. चौथा संघच न्हाई, म्हंजे तिसरा हाच शेवटचा. पण मी गावात ‘बिरूचा तिसरा नंबर’ एवढंच सांगितलंय, तुमी उघडं पाडू नका.

खेळ असा की चेंडू असोल्या नारळागत लांबुडका. तो काखेत मारून पळायचं आन् पलीकडच्या रेघेमागं जमिनीला टेकवायचा, की चार गुण. कुणाला द्यायचा तर मागच्यालाच, पुढच्याला दिला की शिट्टी. (पळायचं पुढं आन् द्यायचं मागं, बाईमाणसाच्या संसारागतच की.) सहा वेळा धरून पाडलं की चेंडू दुसऱ्यांच्या हवाली. त्यांच्यातला एक जण सामना फोनवर दावतोय आन् आमी दिवेलागणीला सोनमच्या फोनपुढं बसतोय. सोनम म्हंजे बिरूची धाकली बहीण, तिला इंग्लिश येतंय. पयल्या दिवशी तुमचे भाऊ दोन मिनिटं बघून म्हणले, “आगं ही तर हुतूतू हाय, मधी निस्ता नारळ आणलाय.”

तुमच्या भावांचं बोलणंच वाईट, म्हणलं की खरं व्हतंय. बिरू लहानपणापासून जत्रंत चढाई करणारा. पयल्याच सामन्यात चौघांनी त्याला धरलं, आन् पोरगं सवयीनं उलटं फिरलं! पाठीवर चार गोरे घेऊन वीस पावलं मागं वढत आणलं, मधल्या रेघंला हात लावला, चेंडू खाली टाकला, दोन्ही हात वर केले आन् छाती काढून आपल्या बाजूला चालाय लागलं. आमी हिथं टाळ्या! चार जणांना बाद केलं म्हणून सोनमच्या आईनं गूळ वाटला. तिकडं त्या पोरांनी चेंडू उचलला, निवांत चालत जाऊन रेघेमागं ठेवला आन् चार गुण घेतले. सोनम म्हणली, “आजी, गूळ परत घे.”

आता खरं दुखणं ऐका. तिथं मैदानाच्या कडेला एक चहाची खोली हाय. त्या खोलीची मालकीण असल्यागत एक म्हातारी वावरत असती, डोरीनबाई. माझ्याच वयाची, केस कापल्याले, तोंडात दात माझ्यापेक्षा जास्त. पोरांचे चिखलाचे कपडे धुती, मधल्या सुट्टीत संत्र्याच्या फोडी देती, आन् उरल्या वेळात पंचाला शिव्या घालती. त्या दिवशी समदे बिरूवर चिडले, तर हिनं पोट धरून हसून त्याला जवळ बसवलं आन् गरम बटाट्याची कचोरी खायला दिली. (कचोरी न्हाई, पाय म्हणत्यात. बशीएवढी.) पोरानं फोनवर सांगितलं, “आजी, अगदी तुझ्यासारखी हाय गं.” वन्सं, माझ्यासारखी! मी इथं जित्ती बसलीया आन् हा माझ्यासारखी हुडकतोय.

तरी मी गिळलं. पण एप्रिलात काय बघितलं? सामना चालू हाय, पाऊस भुरभुरतोय, आन् डोरीनबाई खुर्चीत बसून मांडीवर काळं काय तरी घिऊन बसलीया. मी सोनमला म्हणलं, “थांब, ते मोठं कर.” मोठं केलं. माझी घोंगडी! आपल्या मेंढरांची लोकर मी सबंध उन्हाळा मांडीवर कातली व्हती. सणगरानं मागावर विणून चिंचोक्याची खळ दिल्याली, किनारीला पांढरा धागा मी हट्टानं घालाय लावला. बिरोबाच्या देवळात नेऊन, भंडारा लावून मग पोराच्या बॅगंत घातली. ती त्या बाईच्या गुडघ्यावर!

मी तवाच फोन लावला. पोरगं म्हणतंय, “तिच्या गुडघ्याला गारठा लागतोय आजी.” मंग माझं गुडघं काय पाटा-वरवंट्याचं हायत? तुमचे भाऊ मधीच म्हणले, “तुला हिथं चाळीस डिग्रीत घोंगडी काय करायचीय?” दोन दिवस मी त्यांना भाकरी दिली, पण तोंडानं बोलले न्हाई.

त्यापुढं मी सामना बघतच न्हवते, घोंगडी बघत व्हते. बिरूचा संघ सात सामने हरला, मला कळलं न्हाई. बिरू मागचं वढणं सोडून पुढं वढाय शिकला, दोन-तीनदा चेंडू टेकवला, गाव म्हणतंय शाबास, आन् माझं ध्यान ती बाई घोंगडीवर चहाचा कप ठेवती का ह्यावर. ठेवला, वन्सं. दोनदा.

शेवटी मी बिरूला दम दिला, “तिला फोनवर आण.” आणली. तिला मराठी येईना, मला इंग्लिश येईना, पण वीस मिनिटं आमी बोललो. मी घोंगडीकडं बोट केलं. तिनं घोंगडी सारून आपले गुडघे दाखवले. मी बी लुगडं जरा वर करून माझे दाखवले. (तुमचे भाऊ उठून शेळीकडं गेले.) तिचा डावा सुजल्याला, माझा उजवा. मग ती बिरूकडं बोट नाचवत काय तरी फडाफडा बोलाय लागली. बिरू सांगंना. सोनमनं सांगितलं, “ती म्हणतीया, हे पोरगं जेवत न्हाई धड.” आता हे वाक्य माझं हाय! सव्वीस वर्सं मी ते म्हणतीया. घोंगडी नेली ती नेली, वाक्य बी नेलं.

आता सप्टेंबरात शेवटचा सामना झाला. हरले तर खालच्या गटात जायचे. शेवटची दोन-चार मिनिटं उरल्याली, दोन गुण कमी, पाऊस असा की फोन पुसावा वाटला. बिरूला चेंडू मिळाला. तिघं चिकटले, चौथा पायाला. मी हिथनं वरडले, “पुढं रं, पुढं! मागं न्हाई!” आन् पोरानं चारी जणांसकट जाऊन चेंडू टेकवला. जिंकले! पण पोरगं उठंना. खांदा धरून चिखलात पडून राहिलं. मी उभी राहिले, चप्पल बी घातली. चप्पल घालून कुठं जाणार व्हते, बिरोबालाच ठावं. तेवढ्यात खुर्ची उडाली. डोरीनबाई, त्या सुजल्या गुडघ्यानं, लंगडत पळत मैदानात. पंच आडवा आला त्याला कोपरानं सारला, पोराच्या अंगावर घोंगडी टाकली, त्याचं डोकं मांडीवर घेतलं, आन् डॉक्टर येईस्तोवर कुणाला जवळ येऊ दिलं न्हाई.

खांदा निखळला व्हता, बसवला. आता बराय, काळजी नको. माझ्या डोळ्याला पाणी आलं ते चुलीच्या धुरानं. (चूल बंद व्हती असं तुमचे भाऊ सांगतील. ऐकू नका.) पण वन्सं, त्या चिखलात बसायचं काम माझं व्हतं. तिनं केलं. ह्याचा राग मला आयुष्यभर जाणार न्हाई.

असो. लिहिता लिहिता तवा तापून गेला. तेल कपाटातनं काढून लावा.

तुमची भावजय,
हरणा

ता. क. – बांगडीवाली म्हणली की शंभूराजला विमानात दोन बॅगा नेता येत्यात आन् एक अर्धी रिकामीच हाय. आटपाडीच्या एस.टी.नं एक गाठोडं तुमच्याकडं माधवनगरला पाठवतीया. चटणी बिरूची. नवी घोंगडी डोरीनबाईची. तिनं ती घ्यावी आन् माझी जुनी माझ्या पोराला परत द्यावी. पत्र एवढ्यासाठीच लिहिलं.

दुसरी ता. क. – नवी घोंगडी सणगराकडनं एक वीत आखूड विणून घेतलीया. गुडघे झाकतील, पावलं उघडी राहतील. कुणाला बोलू नका.

तिसरी ता. क. – जुनी द्यायला तिनं का-कू केली तर शंभूराजनं वढाताण करू नये. राहू देत दोन्ही, गुडघे बी दोन हायत. फक्त आधी मला फोन लावावा, आन् बिरूची आजी कोण, ते तिनं माझ्यासमोर एकदा तोंडानं म्हणावं. मराठीत. शंभूराजनं जाताना शिकवून ठेवावं.