त्याच बाकावर

परभणी, फेब्रुवारी १९९४

अक्का,

पियानोची शिकवणी कशी चाललीय, असं विचारतेस. बंद पडली. निवृत्तीनंतर सकाळी उठायला तेवढंच कारण होतं.

लहान मुलांबरोबर सरकारी दवाखान्यातल्या नर्स खिल्लारेही शिकायला यायच्या. विद्यापीठाचं नामांतर झालं त्या दिवशी त्यांनी सगळ्यांना पेढे वाटले. मुलांच्या आयांनी ते पियानोवर तसेच ठेवून दिले. दुसऱ्या दिवशी शिकवणीतल्या महादेवीचे वडील मन्मथअप्पा आले.

"बाई, आमच्या लेकरानं त्याच बाकावर बसायचं व्हय? त्यांना येगळी वेळ द्या."

मी म्हटलं, "अप्पा, तुमच्या आईला शेवटी त्यांनीच भरवलं. तेव्हा वेगळी नर्स मागितली नाहीत!"

अप्पा गेले आणि त्यांच्यामागे सगळी मुलं गेली. मग खिल्लारे दारातूनच म्हणाल्या, "लेकरं येऊ द्या बाई. माझ्यापायी नको." त्या पुन्हा आल्या नाहीत, आणि त्या मुलांना मी बोलावणार नाही.

कॉन्व्हेंटात आपण दोघी शेजारी बसून वाजवायला शिकलो. तरी हे पत्र तुला धाडणार नाही. वाचून तूही म्हणशील, "शिकवणीला घेताना जात विचारायची नाही का गं?"

तुझी म्हणवत नाही, तरी तुझीच,
कुमुद