पाणी चावतंय

सावेडी, अहिल्यानगर
८ जानेवारी २०२५

ती. गहिनीनाथमामांस,
भाची स्नेहलचा शि. सा. नमस्कार. वि. वि.

आम्ही सगळे खुशाल आहोत. फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि मोबाईलवरचे फोटो दिसत नाहीत, म्हणून मोठे करून सोबत जोडलेत. दाताच्या खुर्चीला घाबरणाऱ्या मुलांसाठी मी दवाखान्यात खाऱ्या पाण्याच्या माशांची टाकी ठेवली, ती तुम्ही पाहिली आहे. महिन्याभरापासून त्या माशांना जखमा होताहेत. पिवळ्या टँग माशाच्या डोक्यावर सुईने टोचल्यासारखे खड्डे पडलेत, निळ्याची कूस सोलल्यासारखी दिसते. मासे पुरवणाऱ्या पुण्याच्या दुकानदाराने आधी बुरशी सांगितली, मग परजीवी. दोन्ही औषधं झाली. पाणी तपासलं, त्यात दोष नाही. काल तिसरा मासा मेला.

माझा संशय साफसफाई करणाऱ्या झुंबरबाईवर होता. ती फरशीला फिनाईल लावायची आणि त्याच हातांनी टाकी पुसायची. वर महिनाभर कुरकुर, की पाणी चावतंय, मी त्यात हात घालणार नाही. कामाचा कंटाळा, दुसरं काय! परवा चार माणसांत तिला बोलले आणि काढून टाकलं. तुम्ही जन्मभर गुरं तपासलीत, मासे नसतील. तरी काही सुचलं तर कळवा. मामींना नमस्कार.

तुमची माया आहे तशीच राहो.
स्नेहल


देवळाली प्रवरा
१३ जानेवारी

चि. सौ. स्नेहल हिला अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. तुझी मामी म्हणाली, आता माशांची नाडी बघा. मासा मी फक्त ताटात पाहिलेला, तेव्हा माझं सांगणं जपून घे.

फोटो भिंगाखाली धरले. कुणी चावलं असतं तर कडा फाटलेल्या दिसल्या असत्या. बुरशी असती तर कापसासारखं काही दिसलं असतं. मला रोगापेक्षा जागेचा संशय येतो. महिन्याभरापूर्वी टाकीत नवीन काय आलं?

नोकरीत असताना राहुरीकडच्या एका वस्तीवर जर्सी गाय हौदाचं पाणी पिईना. दूध निम्म्यावर आलं. शेजाऱ्याने पाण्यात काही कालवलं, असं मालक म्हणाला आणि मीही कागदावर विषबाधेचा संशय लिहून मोकळा झालो. शेजाऱ्याला दोन दिवस पोलीस ठाण्यात बसवलं. मग मालकाच्या म्हाताऱ्या आईने अनवाणी उभं राहून हौदात हात घातला आणि ती लई जोरात ओरडली. मोटारीची वायर हौदाच्या कडेला टेकली होती. मालकाच्या पायांत गमबूट होते, माझ्याही होते.

तू रबरी हातमोजे आणि बूट घालतेस. झुंबरबाई चप्पल बाहेर काढून ओल्या फरशीवर उभी राहत असणार. पाणी चावतंय म्हणजे नेमकं काय होत होतं, हे तिच्याकडे जाऊन विचार. तोवर सगळी बटणं बंद केल्याशिवाय कुणी पाण्यात हात घालायचा नाही. पत्र वाचताक्षणी हे कर.

तुझा,
गहिनीनाथमामा


सावेडी
२ फेब्रुवारी

ती. मामांस सा. नमस्कार.

तुमचा अंदाज बरोबर निघाला. डिसेंबरात थंडी वाढली तेव्हा मी टाकीत नवा हीटर बसवला, हे विसरूनच गेले होते. अझीमभाई वायरमनला लगेच बोलावलं. त्यांचं मीटर पाण्यात करंट दाखवत होतं. हीटरच्या काचेला केसाएवढी चीर होती आणि प्लगला अर्थिंगच नव्हतं. ओल्या फरशीवर अनवाणी माणूस जागच्या जागी गेला असता, असं ते म्हणाले. आता अर्थिंग केलं, करंट कुठे गळताच आपोआप वीज तोडणारं यंत्र बसवलं, हीटर बदलला.

जखमा करंटनेच झाल्या असं दुकानदार छातीठोकपणे सांगत नाही. पण नवे खड्डे पडलेले नाहीत आणि पिवळा पुन्हा खायला लागलाय. मामा, तुमची फी काय ते कळवा!

लोभ वाढता असू द्या.
स्नेहल


देवळाली प्रवरा
७ फेब्रुवारी

चि. स्नेहलला आशीर्वाद.

मासे सुधारले, आनंद झाला. तुझं पत्र दोनदा वाचलं. झुंबरबाईचं नाव कुठे सापडलं नाही.

मागच्या पत्रात एक लिहायचं राहिलं. मी कागद दुरुस्त केला, पण त्या शेजाऱ्याकडे गेलो नाही. बाजारात तो दिसला की वाट बदलायचो. तो वारला, त्याला आता नऊ वर्षं झाली. तू जाऊन ये. फी म्हणून एवढंच.

मामा


सावेडी
१८ फेब्रुवारी

ती. मामांस सा. नमस्कार.

रविवारी भिंगारला झुंबरबाईच्या घरी गेले. सगळं सांगितलं आणि माफी मागितली. तिने चहा ठेवला. मग म्हणाली, की कोपरापर्यंत मुंग्या यायच्या, एकदा तर हात काचेला चिकटल्यागत झाला हुता. पुढे म्हणाली, मी मासे मारले असं तुमी चार माणसांत बोलल्या, तर खरं बी चार माणसांतच बोला.

काल ती आली. बाकांवर पेशंट बसले होते, रिसेप्शनवर रेश्मा होती. मी उभी राहून सांगितलं, की चूक माझी होती, झुंबरबाईंनी महिनाभर आधी सांगितलं होतं आणि मी ऐकलं नाही. ती पदर सावरून शेवटपर्यंत ऐकत राहिली.

नंतर मी तिला कामावर परत या म्हटलं. ती नको म्हणाली. एका वसतिगृहात स्वयंपाकाला लागलीय. परवा तिथल्या गॅसचा वास येतोय असं तिने सांगितलं, तर वसतिगृहाच्या बाईंनी तिथल्या तिथे शेगडी बंद करून माणूस बोलावला. तिथं ऐकत्यात, एवढंच म्हणाली आणि गेली.

आशीर्वाद असू द्या.
तुमची,
स्नेहल