एक हात वर

व्हिटलिंग सँड्स,
गुरुवार, १८ सप्टेंबर

प्रिय रॉडनी,

कसा आहेस? नेल्सनच्या कानात थेंब घातलेस का? नसशील घातले तर पत्र खाली ठेव, आधी कुत्र्याला पकड, मग वाच. मी ठणठणीत आहे. गुडघा तेवढा कुरकुरतो, पण ते रडगाणं नवरोबांना पाठ आहे.

पत्र कशाला, म्हणशील. फोनवर तू "बरं, बरं" म्हणतोस आणि ठेवून देतोस, म्हणून. पत्राला तसं करता येत नाही. तर सरळच विचारते: शनिवारी इथे येतोस का? त्या दिवशी इथल्या पार्कचा हंगाम संपतो. लगेच मान हलवू नकोस. मला दिसतेय हलताना. सगळं वाच आणि मग काय ते ठरव.

आता बातम्या. पहिले दोन दिवस पावसाने नुसतं झोडपलं. आम्ही नऊ जण आपल्या रोलरकोस्टर क्लबची जाकिटं घालून, वर रेनकोट चढवून रांगेत उभे, आणि रांगेत आमच्याशिवाय चिटपाखरू नाही. ब्लॅकपूलला लाकडी कोस्टर सगळे करून झाले. माझ्या मणक्याचा नेहमीसारखा खुळखुळा झाला आणि नेहमीसारखंच मी म्हटलं, "आणखी एकदा!" इथली घरमालकीण मिसेस थ्रेलफॉल न्याहारी झकास देते, पण बाथरूममध्ये पाट्याच पाट्या. साबण कुठे ठेवायचा त्याचीसुद्धा पाटी! तुला वेड लागलं असतं. नेव्हिलचा तळलेला मासा सीगलने कागदासकट पळवला. मी इतकी हसले की बाकावरून पडायचीच बाकी होते.

नेव्हिलचं नाव काढल्यावर तुझं तोंड वाकडं झालं असणार. होऊ दे. क्लबचा सेक्रेटरी असला म्हणून काय झालं, माणूस वात्रटच आहे. दोन वर्षांपूर्वी त्या दुसऱ्या पार्कात मी खाली बाकावर होते, तुझी कोस्टरची गाडी चढावर अडकली, तू घाबरलास आणि त्यांच्या माणसाने तुला हाताला धरून जिना उतरवून आणलं. त्यावरून "जिनेवाला" हे नाव त्यानेच पाडलं. तू जाकीट माळ्यावर टाकलंस, बिल्ला ड्रॉवरमध्ये. आता तर पुलावरून गाडी न्यायची वेळ आली तरी आडवळणाने जातोस. मी काही बोलले नाही. तूही बोलला नाहीस. दोन वर्षं आपण बागेतल्या टोमॅटोंवरच बोलतोय.

असो. इथल्या पार्काकडे आपण दोघांनी कधी ढुंकूनही पाहिलं नाही. चढ ठेंगणे, वेग बेताचा, पोराटोरांचं खेळणं म्हणायचास तू. अरे, चुकलो आपण! इथली लाकडी गाडी आपल्या आईबापांपेक्षा म्हातारी आहे. तिच्या रुळांना ब्रेकच नाहीत. पहिल्या दोन डब्यांच्या मधे ब्रेकवाली बसते, आपल्याबरोबरच फिरते, आणि कुठल्या उताराला किती सोडायचं ते हातातल्या दांड्याने ठरवते. तिचं नाव मॅक्सीन. आवाज असा की बंदरावरच्या मासळीवाल्या गप्प बसाव्यात. निघण्याआधी ती सगळ्यांना दम देते, "हात खाली ठेवायचे, राजेहो! इथे हात वर म्हणजे 'बाई, थांबव.' माझ्या आजोबांपासूनचा नियम आहे. ज्याला भीती वाटेल त्याने हात वर करायचा, मी थांबवते. उगाच कुणी केला तरी थांबवते."

नेव्हिल म्हणाला, "ते नवख्यांसाठी असेल हो. आम्ही क्लबवाले."

"मग क्लबवाल्यांनी तर नक्कीच ऐकायचं," मॅक्सीन म्हणाली.

आता तुला ठाऊकच आहे आपली खोड. उतार दिसला की दोन्ही हात आपोआप आभाळात. पहिल्याच उताराला नेव्हिलचे गेले. कर्रकन ब्रेक! गाडी ऐन माथ्यावर उभी, खाली समुद्र, आणि मॅक्सीन मागे वळून ओरडली, "कुणाला आई हवीय रे?" सगळी गाडी फिदीफिदी. क्लबने तिथल्या तिथे दंड ठरवला: जो हात वर करेल त्याने सगळ्यांना चिप्स खिलवायच्या. नेव्हिल बिटासारखा लाल झाला होता. माझ्या मनाला काय थंडावा मिळाला म्हणून सांगू!

काल माझाही हात वर गेला.

आमची संख्या विषम, त्यामुळे पुढच्या ओळीत मी एकटीच होते. शेवटच्या मोठ्या उताराच्या माथ्यावर मॅक्सीनने गाडी थांबवली. मागून आरोळी उठली, "ग्लेनिससुद्धा! चिप्स, चिप्स!" मीही हसले. म्हटलं, "मेली सवय जाता जात नाही." सगळ्यांना चिप्स घातल्या, वर मटारची उसळही घातली. अशी मजा झाली सगळी. हे एवढंच तुला सांगणार होते.

पण उतरताना मॅक्सीनने मला बाजूला घेतलं. विचारलं, "काय गं, सवय की भीती?"

"सवय," मी म्हटलं. "चाळीस वर्षांची."

"सवयवाले दोन्ही हात वर करतात," ती म्हणाली. "तू एकच केलास. दुसऱ्याने बाजूची रिकामी सीट चाचपत होतीस."

 शाळेच्या स्वयंपाकघरात तीनशे पोरांना धाकात ठेवलेली बाई मी, आणि नुसती जाकिटाची चेन वर-खाली करत राहिले.

रॉडनी, मी घाबरले होते. माथ्यावर आले, आणि नेहमीची मजा कुठल्या कुठे गेली.  वाटलं, आता मी पडणार आणि शेजारी कुणीही नाही. इतकी वर्षं मी समजत होते की मला भीती वाटतच नाही. कशी वाटेल? तू शेजारी असायचास. तू नसताना गेली दोन वर्षं कुणी ना कुणी शेजारी बसायचं, मी बडबड करायचे, कळलंच नाही. काल शेजारी कुणी नव्हतं आणि हात आपोआप तुला शोधायला गेला. तुला त्या चढावर काय झालं असेल ते मला काल पहिल्यांदा कळलं. आपण दोघं एकच आहोत रे. तुझी गाडी अडकली, माझी अडकली नव्हती, एवढाच फरक.

आणि मॅक्सीनने काय केलं सांगू? काही नाही. हात वर गेला, तिने थांबवली. मी श्वास घेतला. तिने मान डोलावून विचारलं, मी मान डोलावली, तिने हळूच सोडली. ना ती ओरडली, ना मला जिना उतरवला. अशी गाडी मी दुसरीकडे कुठे पाहिली नाही.

आज न्याहारीला मी सगळ्यांदेखत सांगून टाकलं. सॉसेज बाजूला सारलं आणि म्हटलं, "काल ती सवय नव्हती. मी घाबरले होते. आता ज्याला 'जिनेवाला' म्हणायचं असेल त्याने मला 'जिनेवाली' म्हणायचं, आणि माझ्या तोंडावर म्हणायचं."  नेव्हिल अंड्याकडे बघत बसला. मग म्हणाला, "रॉडनीला सांग, मी फार वाईट वागलो." मी म्हटलं, "तो आला तर तूच सांग. मी काही पोस्टमन नाही." मिसेस थ्रेलफॉलने मला न मागता दुसरं सॉसेज वाढलं.

तर शनिवार. उद्या हे पत्र मिळेल. जाकीट माळ्यावर डाव्या बाजूला, ख्रिसमसच्या खोक्यामागे आहे. नेल्सनला शेजारच्या ऑड्रीकडे सोड, थेंबांचं तिला समजावून सांग. सकाळच्या गाडीने ये, मी स्टेशनवर असेन. मॅक्सीनला सांगून ठेवलंय, पुढची ओळ आपली. ती म्हणाली, "नवऱ्याला सांग, चढावरच हात वर केलास तरी चालेल. गाडी सुटायच्या आधीच केलास तरी चालेल. माझं काही जात नाही."

तू हात वर केलास तर मीही करीन. दोघांनी मिळून सगळ्या क्लबला चिप्स घालू. आणि तू फक्त फाटकापाशी उभा राहून हात हलवलास तरी मला पुरे. पण ये.

टोमॅटोंवर आता बोलायचं नाही.

एक हात वर आणि एक हात तुझ्या सीटवर ठेवून बसलेली,
तुझी
ग्लेनिस