दारापासून विहारापर्यंत

सिद्धेश्वर, ता. औंढा
६ मे २००२

प्रिय करुणा,

जयभीम. पार्सल मिळालं. मेणबत्त्या दोन डझन, पैकी एक वाकलेली. खडूंचा डबा एक. टपालखर्च बावीस रुपये, तो तू तुझ्या कमाईतून भरलास म्हणून वहीत वेगळा लिहिला. तुझ्या हातची पहिली मेणबत्ती रविवारी विहारात लावली. वंदना संपेपर्यंत जळत होती.

हे पत्र तुला तुझ्या खोलीतली मिना वाचून दाखवील. तिच्यासमोर आईची चूक निघते, तर निघू दे.

डिसेंबरात तू आलीस तेव्हा तुझी घडीची पांढरी काठी मी फळीवर ठेवली आणि दारापासून हापशापर्यंत, तिथून विहारापर्यंत नायलॉनची नवी दोरी बांधली. तू लहान असताना सुतळीची होती, तशीच. तुझे बाबा बोलले, "परभणीच्या केंद्रात तिला एकटीनं चालायला शिकवून राहिले, अन् तू दावं लावून राहिली. म्हसरू हाय का ते?" मी म्हटलं, न दिसणाऱ्या लेकराची तकलीफ तुम्हाला काय कळणार! तू मात्र मुकाट्याने दोरी धरून चाललीस. मला वाटलं, बघा, पाहिजेच होती.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी हापशावर होते. तू विहारातून येत होतीस. भर गल्लीतून, हातात काठी, ओठात गाणं, दोरी चार हात लांब. गुलाबसिंगची बैलगाडी आडवी उभी होती, तिला वळसा घालून आलीस. तेवढ्यात माझी घागर खणकली. तू थबकलीस, काठीची घडी करून ओढणीखाली घेतलीस आणि बाजूला सरकून दोरी धरलीस. माझ्यासाठी. मी नुसतं म्हटलं, आलीस का बाई? पाच महिने ते पोटात ठेवलं.

काल दोरी सोडली. पुन्हा बांधायचा मोह नको म्हणून कापलीच. एका तुकड्याचं वासराला दावं झालं. बाबा पोट धरून हसले. सव्वीसला वैशाख पौर्णिमा आहे. दर वेळी बाबा न्यायला येतात. या वेळी येणार नाहीत. फाट्यावरसुद्धा कुणी उभं राहणार नाही. एकटी ये. माझा जीव धडधडेल, ते माझं मी बघीन. परभणीहून कुठल्या गाडीने निघतेस तेवढं उलट टपाली कळव. आणायला यायचं म्हणून नाही. तव्यावर भाकरी कधी टाकायची ते समजावं म्हणून.

तुझीच आई,
केशर